तेल घातलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच: दाराचं लॉक सारखं का अडकतं?

दाराच्या लॉकची तक्रार बहुतेक घरांत एकाच चालीनं वाढते. किल्ली जड फिरायला लागते. कोणीतरी तेलाचे दोन थेंब सोडतं, लॉक मोकळं होतं, आणि काही दिवसांनी पुन्हा अडतं. पुन्हा तेल, पुन्हा जोर. असं करता करता एखाद्या संध्याकाळी किल्ली आत तुटते किंवा दार बाहेरून उघडतच नाही, आणि अख्खं लॉक बदललं जातं. नवं लॉकही काही महिन्यांत तसंच वागायला लागलं, तर दोष लॉकमध्ये नव्हता हे तेव्हा कळतं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक चाचणी करा. दार सताड उघडं ठेवा आणि तशा उघड्या दारातच किल्ली फिरवा. बोल्ट, म्हणजे किल्लीबरोबर दाराच्या कडेतून सरकणारा दांडा, पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं चार-पाच वेळा. उघड्या दारात किल्ली सहज फिरते आणि बंद केल्यावरच अडते, असं असेल तर लॉकला हात लावू नका. बिघाड दारात, बिजागरीत किंवा चौकटीवरच्या पट्टीत, म्हणजे बोल्ट जिच्या भोकात शिरतो त्या धातूच्या पट्टीत आहे. उघड्या दारातही अडत असेल, तर दुसरी किल्ली घालून बघा. दुसरी चालली तर पहिली किल्ली खराब आहे. दोन्ही अडल्या, तरच लॉकच्या आत बघायचं. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि ती केली नाही, तर पुढची सगळी मेहनत अंदाजावर चालते.

लॉकचं कुठलंही काम दार उघडं ठेवूनच करा, आणि घराच्या आतल्या बाजूला कोणीतरी असू द्या.

बंद दारातच अडत असेल तर

दार लोटून घ्या, किल्ली घाला, आणि फिरवताना दुसऱ्या हातानं मूठ धरून दार किंचित वर उचला. आता फिरली? मग दार खाली उतरलं आहे. उचलून उपयोग झाला नाही, तर दार आपल्याकडे ओढून, मग पलीकडे दाबून बघा. ओढल्या-दाबल्यावर फिरत असेल, तर चौकटीवरची पट्टी पुढेमागे झाली आहे, किंवा दार पूर्ण मिटत नाही. चौकटीला नवीन रबरी पट्टी लावली असेल, रंगकामात कडेवर रंगाचे थर चढले असतील, तर हेच होतं: लॉकची जीभ (दार लोटल्यावर पट्टीत जाऊन बसणारा तुकडा) पट्टीच्या कडेवर दाबून बसते आणि किल्लीला तो दाब सोसावा लागतो. घरातली माणसं दार ओढून धरून किल्ली फिरवायला शिकतात आणि वर्षानुवर्षं तसंच चालवतात. त्या प्रत्येक वेळी लॉक आतून झिजत असतं.

दार उतरलं असेल तर वरच्या बिजागरीकडे जा. दाराचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर खेचतं, म्हणून तिचे स्क्रू आधी ढिले होतात. खूण अगदी स्पष्ट असते: लॉकच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतो आणि जीभ पट्टीतल्या भोकापेक्षा खाली येते. दार अर्धं उघडून मुठीला धरून वर उचला. खडखड जाणवली तर बिजागरी ढिली आहे. स्क्रू नुसता आवळून बसला तर काम झालं. पण बहुधा तो नुसताच गोल फिरत राहतो, कारण भोकातलं लाकूड खाल्लं गेलेलं असतं. अशा वेळी दाराखाली पाचर मारून वजन पेला, स्क्रू काढा, भोकात लाकडाचा गोंद लावून गुल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोकून भरा, गोंद पुरता वाळू द्या, आणि मग तोच स्क्रू परत पिळा. एका वेळी एकच स्क्रू काढायचा, नाहीतर दार अंगावर येतं. चौकट भरीव लाकडाची असेल तर एक स्क्रू आधीपेक्षा लांब घाला, तो खोलवरचं न दुखावलेलं लाकूड पकडतो. इतक्यानं दार काही मिलिमीटर वर येतं, आणि लॉकला तेवढंच हवं असतं.

बिजागऱ्या घट्ट आहेत आणि तरी अडतं, तर पट्टी तपासा. बोल्टच्या टोकाला आणि कडांना खडू फासा, दार लावा, बोल्ट जितका जाईल तितका बाहेर काढा आणि परत घ्या. पट्टीवर खडूचा डाग जिथे उमटेल, तिथे तो आदळतो आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर पट्टीतलं भोक त्या बाजूनं कानशीनं घासून मोठं करा. जास्त असेल तर पट्टी काढून सरकवावी लागते. जुनी भोकं काड्या-गोंदानं भरल्याशिवाय नवे स्क्रू मारू नका, ते पुन्हा जुन्या भोकात घसरतात.

दोन वळसे घ्यायच्या लॉकमध्ये पहिला वळसा सहज आणि दुसरा अर्ध्यात अडतो, अशी तक्रार फार येते. तिथे मी सगळ्यात आधी चौकटीतल्या भोकाची खोली मोजतो. उघड्या दारात बोल्ट पूर्ण बाहेर काढून त्याची लांबी मोजा, मग पट्टीमागच्या भोकात काडी घालून खोली मोजा. भोक कमी खोल खणलेलं असतं, किंवा त्यात भुसा आणि प्लास्टरचे खडे साचलेले असतात. ते उकरून काढलं की दुसरा वळसा लागतो. अर्धवट बाहेर आलेल्या बोल्टवर दार रात्रभर सोडणं धोक्याचंच, त्यामुळे हे टाळू नका.

ऋतूप्रमाणे येणारा त्रास वेगळा ओळखावा लागतो. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. म्हणजे पावसाळ्यात दार रुंद होतं आणि चौकटीत दाटून बसतं. ऐन पावसात रंधा मारायची घाई करू नका. तेव्हा बरोबर बसवलेलं दार कोरड्या दिवसांत आक्रसतं, फट पडते आणि जीभ पट्टीत जेमतेम पोचते. घासण्याच्या जागेवर मेणबत्ती चोळून ते दिवस काढा, हवा कोरडी झाली की रंधा मारा. शक्यतो बिजागरीच्या बाजूनं मारा, कारण लॉकच्या बाजूनं मारला की दाराच्या कडेत बसवलेली लॉकची पट्टी कडेबाहेर येते आणि तिचा खाचा पुन्हा खोल करावा लागतो. त्यानंतर दाराची वरची आणि खालची कड रंगवून किंवा पॉलिश करून बंद करा. लाकडाच्या रेषांची टोकं तिथे उघडी असतात, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शोषलं जातं, आणि रंगारी नेमक्या त्याच दोन कडा सोडून देतात. लोखंडी दारावर ऊन पडत असेल तर त्रास दुपारी वाढतो आणि सकाळी नाहीसा होतो. तिथे पट्टीतल्या भोकाला थोडी मोकळीक ठेवणं हाच उपाय.

उघड्या दारातही अडत असेल तर आधी किल्ली

इथे लॉकच्या आत काय घडतं ते थोडं समजून घेतलेलं बरं. दातेरी चपट्या किल्लीचं आजचं लॉक हे अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअर यांच्या रचनेवर चालतं. त्यांची पेटंट १८६१ आणि १८६५ ची आहेत. मध्ये किल्लीबरोबर फिरणारा पितळी भाग असतो. त्याच्यात ओळीनं, साधारण पाच-सहा, भोकं असतात, आणि प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यामागे एक नाजूक स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पिनेला बरोबर तेवढंच सरकवतात, दोन पिनांमधला सांधा फिरत्या भागाच्या कडेशी जुळतो आणि तो फिरतो. एकही पीन मिलिमीटरच्या काही दशांशांनी खालीवर राहिली, तर तो अडतो. किल्लीची झीज, खाचेतला मळ, आतलं किटण, सगळ्यांचा परिणाम या सांध्यावर होतो.

झिजलेली किल्ली हाताला कळते. फिरवताना ती दातांच्या दिशेनं दाबून धरली की लागते, कारण झिजलेले दात पिना पुरेशा सरकवत नाहीत. किंचित बाहेर ओढून मग फिरवली की लागते, तर नक्कल काढताना खाचा लांबीत सरकल्या आहेत. नकलेवरून नक्कल काढलेल्या किल्ल्यांत हा दोष हमखास येतो, कारण यंत्र समोरच्या किल्लीची झीजही इमानानं उतरवतं आणि वर स्वतःची थोडी चूक घालतं. घरात लॉकबरोबर आलेली मूळ किल्ली कुठेतरी पडलेली असते; ती शोधा आणि तिच्यावरून नवी काढा. मूळ किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर क्रमांक असेल, तर त्यावरूनही किल्ली बनवून मिळू शकते.

नव्या नकलेच्या खाचांना कधी कधी बारीक धारदार कड राहते. नखानं जाणवते. बारीक कानस हलक्या हातानं फिरवून ती काढा, दात मात्र घासू नका. वाकलेली किल्ली सरळ करून वापरत राहू नका. वाकली तिथे ती कमजोर झालेली असते आणि पुढे तिथेच तुटते. सरळ करून तिच्यावरून नक्कल काढा आणि ती बाजूला ठेवा. ज्या सपाट किल्ल्यांवर दातांऐवजी गोल खड्डे असतात, त्यांच्या खड्ड्यांत खिशातला मळ ठासून बसतो. असा एक खड्डा भरला तरी लॉक फिरत नाही. जुन्या टूथब्रशनं खड्डे साफ करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

किल्लीच्या जुडग्याकडेही बघा. जड जुडगं लोंबत असताना किल्ली फिरवली की ते वजन तिला तिरकं ओढतं. घराची किल्ली वेगळ्या कडीत ठेवलेली बरी.

तेलाबद्दल

तेल घातल्यावर लॉक लगेच सुधारतं म्हणूनच त्याचा मोह सुटत नाही. पण पिनांच्या भोकांत तेल राहतं, त्यावर धूळ बसते, पितळेची बारीक झीज मिसळते आणि त्याचं किटण होतं. स्प्रिंगा इतक्या नाजूक असतात की त्या किटणात अडकलेली पीन त्या परत ढकलू शकत नाहीत. स्वयंपाकाचं तेल हवेनं चिकट होत जातं. खोबरेल तर साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं, म्हणून थंडीच्या सकाळी लॉक घट्ट आणि दुपारी मोकळं, असं कोडं तयार होतं.

पिनांच्या लॉकला कोरडं वंगण हवं: ग्राफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा, वाळून कोरडा होणारा स्प्रे. आधी तेल घातलेलं असेल तर त्यावर ग्राफाइट टाकू नका, दोन्हींचा लगदा होतो. आधी ते धुऊन काढा. विद्युत संपर्क साफ करायचा स्प्रे किंवा डब्ल्यूडी-४० भोकात मारा, किल्ली आतबाहेर करा, प्रत्येक वेळी ती कापडानं पुसा, आणि काळा ओघळ येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. हे स्प्रे पेट घेतात. जवळ दिवा, उदबत्ती, शेगडी काही नको. डब्ल्यूडी-४० चं नाव ‘पाणी हटवणारं, चाळिसावं मिश्रण’ अशा अर्थाचं आहे; १९५३ मध्ये ते गंज रोखण्यासाठी तयार झालं. गंज सोडवायला आणि घाण धुवायला ते उत्तम, पण टिकाऊ वंगण समजून दर महिन्याला मारत राहू नका. धुऊन झालं की एक दिवस वाळू द्या, मग कोरडं वंगण अगदी थोडं घाला. काहीच हाताशी नसेल तर मऊ काळ्या शिशाची पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली आतबाहेर करा. शिसपेन्सिलीतही ग्राफाइट असतं. मातीही असते, म्हणून हा तात्पुरता उपाय.

लिव्हरच्या कुलपांचं थोडं निराळं. त्यात पिनांऐवजी चपट्या पट्ट्या असतात. तिथेही कोरडं वंगणच बरं, पण बाहेर पावसात लटकणाऱ्या कुलपाच्या कडीच्या दोन्ही टोकांशी शिलाई मशीनचं तेल एखादा थेंब चालतं, कारण तिथे गंज हा मोठा शत्रू आहे.

किल्ली फिरते, दार उघडत नाही

किल्ली गोल गोल मोकळी फिरत असेल तर जोडणी सुटली आहे. नाइट लॅचमध्ये (ज्याची पेटी दाराच्या आतल्या अंगावर बसवलेली असते) बाहेरच्या सिलिंडरमागून, म्हणजे किल्ली शिरते त्या पिनांच्या भागामागून, एक चपटी पट्टी निघते आणि आतल्या पेटीतल्या खाचेत बसते. पेटीचे स्क्रू ढिले झाले की पट्टी खाचेतून निसटते. पेटी काढा, पट्टी तुटली नसेल तर खाचेत बसवून स्क्रू सारखे आवळा. तसं काही नसेल तर आतलं बटण बघा. ते खाली सरकलेलं असेल तर जीभ जागीच रोखली जाते आणि बाहेरून किल्ली निरुपयोगी ठरते.

दाराच्या आत खोबणीत बसणाऱ्या लॉकचा सिलिंडर एका लांब स्क्रूवर धरलेला असतो. दार उघडून कडेकडून बघा, बोल्टच्या जवळच त्याचं डोकं दिसेल. हा स्क्रू ढिला झाला की सिलिंडर हलतो. पण उलटही खरं आहे आणि ते फार कमी जण तपासतात: तो फार आवळला की सिलिंडर एका अंगाला खेचला जातो आणि किल्ली जड होते. मुठीच्या पाट्यांचे आरपार स्क्रू जास्त पिळले तरी लॉकची पेटी दोन्हीकडून दाबली जाते. नुकतंच लॉक ‘घट्ट’ करून घेतलं आणि तेव्हापासून अडतं आहे, तर हे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सोडून बघा. मला तरी लॉक बदलण्याआधी करायची ही सगळ्यात फायद्याची तपासणी वाटते.

आतून किल्ली भोकात तशीच राहिली तर बऱ्याच साध्या सिलिंडरांमध्ये बाहेरची किल्ली चालत नाही. घरात एकटे वृद्ध राहत असतील, तर आतून किल्ली असतानाही बाहेरून उघडणारा सिलिंडर मागून घ्या. ही छोटी गोष्ट एखाद्या रात्री जीव वाचवू शकते.

बॅटरीवरच्या लॉकची बॅटरी लवकर संपत असेल तरी आधी पट्टीच तपासा. बोल्ट घासत असेल तर मोटर जास्त ताकद खाते. बॅटरी पूर्ण संपली तर अनेक लॉकांना बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची दोन टोकं दिलेली असतात.

किल्ली आत तुटली किंवा निघेना

किल्ली ज्या स्थितीत आत जाते, फक्त त्याच स्थितीत बाहेर येते. अडली असेल तर आधी भोक बरोबर त्या स्थितीत आणा, सिलिंडरचा चेहरा बोटांनी आत दाबून धरा आणि किल्ली हलकेच मागेपुढे करत ओढा. पकडीनं हिसका दिला की ती तुटणारच.

तुटलीच, तर उरलेला अर्धा तुकडा भोकात घालून बघू नका. त्यानं आतला तुकडा आणखी खोल जातो. झटपट चिकटणारा गोंद लावून ओढायचा प्रयोगही नको. गोंद पिनांवर लागला तर सिलिंडर कायमचा गेला. भोक वळलेलं असेल तर पातळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ते मूळ स्थितीत आणा. थोडा स्प्रे मारा. तुकडा बाहेर दिसत असेल तर टोकदार चिमट्यानं धरा. दिसत नसेल तर नक्षीकामाच्या करवतीचं सगळ्यात बारीक पातं, दात बाहेरच्या बाजूला वळलेले ठेवून, किल्लीच्या दातांच्या कडेनं आत सरकवा, किंचित वळवा आणि ओढा. दोन-चार प्रयत्नांत आलं नाही तर थांबा आणि किल्लीवाल्याला बोलवा. दोन्ही तुकडे मात्र जपा, तेच जुळवून नवी किल्ली काढता येते.

बाथरूमचं दार आतून बंद झालं

लहान मुलं आत अडकतात तेव्हा सगळे दार ठोकायला लागतात आणि मूल आणखी घाबरतं. आधी त्याला शांत आवाजात दारापासून लांब बसायला सांगा. गोल मुठीच्या लॉकला बाहेरच्या बाजूला मध्ये बारीक छिद्र किंवा खाच असते. छिद्र असेल तर सरळ केलेली कागदाची पिन आत सरळ दाबा, टक् झालं की मूठ फिरवा. काही मुठींत पिन दाबून थोडी वळवावी लागते. खाच असेल तर नाणं घालून फिरवा. आत गॅसचा गिझर चालू असेल किंवा आतलं माणूस उत्तर देत नसेल, तर लॉकचा विचार सोडा आणि दार ताबडतोब फोडा. एरवी अशी एक पिन चौकटीच्या वरच्या कडेवर कायम ठेवून द्यावी.

बदलायचंच असेल तर

किल्ली हरवली, किंवा धुऊन-पुसून, मूळ किल्लीनंही उघड्या दारात अडतं, तर बदला. पण बहुतेक वेळा अख्खं लॉक बदलायची गरज नसते, सिलिंडर पुरतो. कडेचा लांब स्क्रू काढा, किल्ली घालून अगदी थोडी वळवा म्हणजे मधलं, किल्लीबरोबर फिरून बोल्ट हलवणारं पातं सिलिंडरच्या अंगात लपेल, आणि सिलिंडर बाहेर सरकवा. ओढून येत नसेल तर पातं लपलेलं नाही; किल्ली किंचित इकडेतिकडे करून बघा. मोजताना स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा: ३०-३०, ३५-३५, ३०-४० मिलिमीटर अशी मापं येतात आणि एकूण लांबी सारखी असूनही चुकीचा सिलिंडर पदरात पडू शकतो. बाहेरच्या बाजूला सिलिंडर पाटीपेक्षा साधारण ३ मिलिमीटरहून जास्त पुढे येता कामा नये, नाहीतर पकडीत धरून तो मोडता येतो.

नवा बसवल्यावर स्क्रू हातानं घट्ट होईल इतकाच आवळा, मग दार उघडं ठेवून सोबतच्या सगळ्या किल्ल्या दोन्ही बाजूंनी फिरवून घ्या आणि त्यानंतरच दार लावा. सोबतच्या किल्ल्यांपैकी एक वापरात न आणता क्रमांकाच्या कार्डाबरोबर ठेवा, आणि पुढच्या सगळ्या नकला तिच्यावरूनच काढा.